पाठ मोकळी करणारा मुकादम

माझ्या नवऱ्याबद्दल लोक दोन गोष्टी सांगतात. एक, तीन दारांचं कपाट हा माणूस एकट्याच्या पाठीवर चौथ्या मजल्यावर न्यायचा. दोन, कुणाची पाठ धरली की हा ती जागच्या जागी मोकळी करून द्यायचा. दोन्ही खरं आहे. तिसरी गोष्ट फक्त घरातल्यांना ठाऊक होती. ‘माझं चुकलं’ हे शब्द या माणसाच्या तोंडून एकवीस वर्षांत एकदाही निघाले नाहीत. मी मीठ घालायला विसरले तर माझं चुकलं, आणि यांनी डब्याचं झाकण उघडं टाकल्यानं साखरेला मुंग्या लागल्या तरी माझंच चुकलं.

घरसामान हलवणारी सात जणांची टोळी होती, हे तिचे मुकादम. जिन्यावरून वजन नेताना खालची बाजू नेहमी यांची, कारण सगळा भार खालच्यावर येतो. टोळीचा एक नियम होता. पाठ धरली म्हणून कुणी आडवं व्हायचं नाही, मुकादमाकडे यायचं. हे त्या माणसाच्या पाठीला पाठ लावून उभे राहायचे, कोपरात कोपर अडकवायचे आणि वाकून त्याला स्वतःच्या पाठीवर उचलायचे. तो बिचारा आभाळाकडे तोंड करून लोंबकळायचा. दुसऱ्या कुणीतरी त्याचे पाय धरून खाली ओढायचे आणि हे तीन झटके द्यायचे. तिसऱ्याला कट् वाजलं की झालं काम. टोळीतलेच काय, शेजारपाजारचे, दुकानदार, एक शाळामास्तरसुद्धा आमच्या अंगणात लोंबकळून गेले. दहातले नऊ जण हसत परत जायचे. दहाव्याचं पुढे काय झालं हे विचारायला कुणी गेलं नाही.

आमच्या घरातला दहावा माझा धाकटा भाऊ.

मीच त्याला टोळीत घ्यायला लावलं होतं. चोवीस वर्षांचा होता, कामाला वाघ. दुसऱ्याच महिन्यात कपडे धुवायचं मशीन उतरवताना त्याच्या कमरेतून पायात कळ गेली. दोन दिवस पडून राहतो म्हणाला. हे म्हणाले, “आज आडवा झालास की जन्माचा आडवा होशील.” अंगणात उभं केलं त्याला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “ताई, नको. हे वेगळंच दुखतंय.” मी म्हटलं, “दाजी करतायत ना, गप उभा राहा.” आणि त्याचे पाय धरायला त्या दिवशी दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी धरले. चांगले जोर लावून ओढले.

तिसऱ्या झटक्याला तो जे ओरडला ते मी अजून ऐकते. दुसऱ्या दिवसापासून त्याचं डावं पाऊल वर उचललं जाईना. चालताना ते जमिनीवर फटक फटक आपटायचं, चप्पल मागे राहायची आणि हा पुढे जायचा. हे म्हणाले, “सोंग आहे. काम नको झालंय साहेबांना.” टोळीनं त्याचं नाव ‘पाहुणे’ पाडलं, कारण कामावर येऊन नुसता बसायचा. एकदोनदा मीही त्याला त्या नावानं हाक मारली. महिन्याभरात यांनी त्याला काढून टाकलं. शिवणकाम शिकायला गेला, तर मशीनच्या पायट्याला दोन्ही पावलं लागतात. शेवटी आमच्या मागच्या गल्लीत लाकडाची वखार आहे, तिच्या फाटकावर गाड्यांचे नंबर लिहायला बसला. नऊ वर्षं तिथंच बसलाय. आमच्या घरात त्या अंगणातल्या दिवसाबद्दल कुणी बोललं नाही.

मग यांची पाळी आली.

तिसऱ्या मजल्यावरून आरशाचं कपाट उतरवत होते. खालची बाजू यांची. पायरीची कड निसटली आणि कपाटासकट हे एक अख्खा जिना खाली आले. दोन जिन्यांमधल्या चौकात पडले, पण शुद्धीवर होते, आरसा फुटला म्हणून वरच्याला शिव्या देत होते आणि पाय झाडत होते. पाय झाडत होते, हे नीट ऐका. घरमालकानं तेवढ्यात रुग्णवाहिकेला फोनही केला होता. टोळीत एक ताडमाड माणूस आहे, त्याला सगळे उंट म्हणतात. तो म्हणाला, “मुकादम, हलू नका, गाडी येतेय.” झालं, इथे माशी शिंकली. मुकादम जिन्यात पडून राहिला आणि गाडीतून नेला, ही बातमी फिरली तर अब्रू राहील का? हे म्हणाले, “काही झालेलं नाही. पाठ धरलीय. उंटा, मोकळी कर.”

उंटानं दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा नाही म्हणायची टोळीत पद्धत नव्हती. त्यानं यांना पाठीवर घेतलं, दोघांनी पाय धरले. पहिल्या झटक्याला शिव्या, दुसऱ्याला शिव्या, तिसऱ्याला हे गप्प झाले. मग विचारलं, “पाय का सोडलेत रे?”

त्या दोघांनी पाय धरलेलेच होते.

ऑपरेशन पाच तास चाललं. बरगड्या संपतात तिथला मणका फुटला होता. त्याच्या वरखाली सहा स्क्रू आणि दोन सळया बसवल्या. सर्जन बारीक चणीचा, हळू बोलणारा माणूस होता. त्यानं मला फोटो दाखवला आणि विचारलं, “पडल्यावर पाय हलत होते?” मी म्हटलं, हो. “मग कुणी उचललं?” उंट भिंतीला टेकून रडत होता, त्यामुळे सांगावं लागलं नाही. सर्जन म्हणाला, “हाड मी बसवलंय. आतला मज्जारज्जू चिरडलाय, तो मला बसवता येत नाही. जसे पडले तसेच फळीवर बांधून आणले असते, तर बहुधा चालत घरी गेले असते.”

हेच त्यानं यांनाही सांगितलं, तोंडावर. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “त्या उंटाला झटका देताच येत नाही. मी दिला असता तर असं झालं नसतं.” पडलो तरी नाक वर म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

धाकटा वॉर्डात भेटायला आला तेव्हा सर्जन फेरीवर होता. त्यानं यांच्याकडे बघायचं सोडून याच्या पावलाकडे बघितलं. “टाचांवर उभे राहा,” म्हणाला. उजवा पंजा वर आला, डावा जमिनीला चिकटून राहिला. किती वर्षं झाली, कशानं झालं, सगळं विचारलं. धाकट्यानं यांच्या डोळ्यांत बघत सांगितलं. सर्जन म्हणाला, “दोन मणक्यांमधली गादी सरकून नसेवर आली असणार. पाय ओढून झटके दिल्यावर ती पुरतीच बाहेर आली. एकदोन दिवसांत आला असतात तर बहुतेक पाऊल वाचलं असतं.” माझे हात तेव्हा यांच्या पलंगाच्या कठड्यावर होते. ते मी पदराखाली घेतले.

घरी सोडताना नर्सनं मला बसवून शिकवलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, दिवसा आणि रात्रीही. दोन माणसं लागतात, एक खांद्याला, एक कमरेला, एकदम लोळवायचं. ओढायचं नाही. यांना खाली काही कळत नाही, त्यामुळे कातडी सोलली तरी हे सांगणार नाहीत. “जखम हाडापर्यंत गेली की माणूस तिच्यातूनच जातो,” ती म्हणाली. “ऑपरेशन झालं, आता जीव तुमच्या हातात आहे.”

आम्हाला मूलबाळ नाही. टोळीतले पंधरा दिवस आळीपाळीनं आले, मग कामं निघाली. पगारी माणसं दोन ठेवली. पहिल्याला यांनी आईवरून शिवी दिली, दुसऱ्याला तांब्या फेकून मारला. हे अंगानं केवढे, मी केवढी. तेव्हा धाकटा न बोलावता आला, पिशवीत दोन कपडे घेऊन. दिवसा वखारीतून दर दोन तासांनी फटक फटक करत यायचा, माझ्याबरोबर यांना लोळवायचा, गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवायचा आणि जायचा. झोपायला बाहेरच्या खोलीत. दीड महिना त्यानं एक पाळी चुकवली नाही. माकडहाडावर लाल चट्टा आला होता, तो फिका झाला. हे त्याला काय म्हणायचे? “आले पाहुणे.”

एक दिवस चहा घेताना तो मला म्हणाला, “ताई, मी येत राहीन. दाजी आहेत तोवर येईन. फक्त त्यांनी एकदा म्हणावं, माझं चुकलं. तू सोंग करत नव्हतास. एवढंच. नाही म्हटलं तर मी येणं थांबवणार.”

आठ दिवस मी यांच्या पाया पडत होते. ज्या पायांना माझं कपाळ लागलेलंही कळत नव्हतं, त्या पायांवर. दोन शब्द बोला, म्हटलं, कुणी ऐकणार नाही, आपण तिघंच आहोत. हे छताकडे बघायचे. मला राग यायचा, असा की उशी उचलून तोंडावर दाबावी. आणि खरं सांगते, मला ते दोन शब्द धाकट्यासाठी जेवढे हवे होते त्याहून जास्त स्वतःसाठी हवे होते. यांनी म्हटलं की त्यात माझंही येऊन जाईल, मला वेगळं तोंड उघडावं लागणार नाही, असा माझा हिशोब.

नवव्या दिवशी सकाळी अकराची पाळी. धाकट्यानं खांद्याला हात घातला, मी कमरेला. अर्ध्यावर लोळवलं असताना तो थांबला. त्याचं तोंड यांच्या तोंडासमोर होतं. म्हणाला, “दाजी, आज म्हणा.”

मला वाटलं, आता म्हणतील. यांचे ओठ हलले. मग म्हणाले, “तू अंग सैल सोडलं नव्हतंस. मी सांगत होतो सैल सोड. अंग आखडलंस तू. उंटाच्या पाठीवर मीही तेच केलं असेल. ज्याचं त्यानं निस्तरावं.”

धाकट्यानं मान हलवली. मग माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही. “बरं, त्यांचं राहू दे. ताई, तू म्हण. पाय तूच ओढले होतेस. तू म्हटलंस तरी मी येईन.”

खोलीत आम्ही तिघं, यांचं अंग अजून आमच्या दोघांच्या हातांवर. हे मान वाकडी करून माझ्याकडे बघत होते, ही कुठल्या बाजूला पडते म्हणून. धाकटाही बघत होता. दोन शब्द होते. आठ दिवस ज्या दोन शब्दांसाठी मी नवऱ्याला दगड म्हणत होते, तेच. नऊ वर्षं मी स्वतःला सांगत आले होते की मी फक्त सांगितलं ते केलं. आणि मी म्हटलं, “हे म्हणतात तसंच असेल रे. तू आखडला होतास तेव्हा. मला हातांना जाणवलं होतं.”

खोटं. त्याचे पाय माझ्या हातात अगदी सैल होते. मी सांगितलं म्हणून त्यानं ते सोडून दिले होते.

त्यानं हातातलं काम टाकलं नाही. यांना पूर्ण लोळवलं, पाठीमागे पांघरुणाची गुंडाळी लावली, गुडघ्यांमध्ये उशी ठेवली, चादरीची चुणी काढली. हात धुतले. बाहेरच्या खोलीतून पिशवी आणली. मी म्हटलं, “चहा तरी घेऊन जा.” तो म्हणाला, “नको.” फटक फटक करत गल्लीच्या टोकाला वळला.

हे म्हणाले, “जाऊ दे. येईल परत. जाणार कुठे?”

एक वाजला. मी दारात जाऊन उभी राहिले, पावणेदोनपर्यंत. मग आत आले, पदर खोचला आणि एकटीनं यांच्या कमरेखाली हात घातले. लोळवता येईना. खांदा उचलला की कंबर राहायची, कंबर उचलली की पाय. तेव्हा मी पलंगावर गुडघा टेकला, दोन्ही हातांनी यांना धरलं आणि ओढलं, जोर लावून. चादरीवर माकडहाडावरची तळहाताएवढी कातडी सोलून राहिली, ओली, गुलाबी. यांचं तोंड पलीकडे होतं.

“झालं का नीट?” यांनी विचारलं.

“झालं,” मी म्हटलं, आणि वर पांघरूण घातलं.