तोंड धुतलेलं धुराडं

नातवंडांनो, परवा फोनवर सई सांगत होती की तिनं रिळाचा जुना कॅमेरा घेतलाय आणि सुट्टीच्या दिवशी ती बंद पडलेल्या कारखान्यांचे काळे-पांढरे फोटो काढत हिंडते. वर म्हणाली, "आजी, असं वेड तू कधी पाहिलं नसशील." म्हणून आज सकाळची कामं आटोपून, चष्मा पुसून लिहायला बसले आहे. अगं, हे वेड एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत आपल्या घरात जेवायला पाटावर बसत होतं.

तुमच्या आजोबांचे धाकटे चुलतभाऊ, म्हणजे माझे दीर. पडक्या भिंतींवर इतकं प्रेम करणारा माणूस वैनगंगेच्या अल्याड-पल्याड दुसरा झाला नाही. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोलीही त्याच जिल्ह्यात होती. त्या एवढ्या मुलखात कुठे गिरणी बंद पडली, कुठे खाणीवरचं इंजिनघर ओस पडलं, याची बातमी मालकाच्या सोयऱ्यांआधी भाऊजींना लागायची. शाळेत ते चित्रकला शिकवत आणि मुलांकडून फुलदाणीऐवजी बॉयलर काढून घेत. चालू कारखान्याकडे मात्र ते ढुंकून पाहत नसत. "चालू हाय तवर त्याले फुरसत कुठी, वहिनी? बंद पडला का मग तो निवांत बसते फोटोले," असं त्यांचं म्हणणं. त्यांचं लग्न ब्रह्मपुरीला झालं. पंगती बसल्या आणि नवरदेव गायब. शोधाशोध झाली तेव्हा ते मांडवामागच्या बंद धानगिरणीत मुंडावळ्या कानामागे सारून, पोटावर पडून फोटो काढताना सापडले. लग्नासाठी नागपूरहून मागवलेलं रीळ सगळं त्या गिरणीवर संपलं. म्हणून माझ्या जावेच्या लग्नाचा एकही फोटो नाही. गिरणीचे मात्र सर्व बाजूंनी आहेत.

त्यांच्या फोटोत माणूस चालत नसे. "माणूस आला का पाहणारा त्याच्या नाकाडोळ्याकडंच पाह्यते, भिंतीकडं कोणी पाहत नाई," हा त्यांचा कायदा. आजोबांची नोकरी एटापल्लीकडे होती तेव्हा जंगलातली एक ओस पडलेली आरागिरणी पाहायला ते आमच्याकडे येऊन राहिले. फुटक्या छपरातून ऊन नेमकं करवतीच्या पात्यावर पडेपर्यंत आम्ही ताटकळत बसलो, आणि ऊन पडलं त्याच वेळी मागच्या झुडपातून अस्वल निघालं. भाऊजी कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाले, "वहिनी, त्याले जरा बाजूले करा, फोटोत येऊन राह्यलं." अस्वलच शहाणं, आपणहून गेलं. मी नागपूरला इंग्रजी शिकलेली, म्हणून फिल्म धुवायच्या औषधावरचा इंग्रजी कागद वाचायचं काम माझ्याकडे. पाणी थंड हवं, असं त्यात लिहिलेलं. चांद्याच्या मे महिन्यात थंड पाणी म्हणजे स्वयंपाकघरातला माठ, आणि तो उचलून भाऊजी अंधाऱ्या खोलीत कडी लावून बसायचे. बाहेर माझी जाऊ तहानेनं कासावीस. एकदा मला म्हणाली, "बाई, सवत असती तं झिंज्या धरल्या असत्या. धुराड्याचं काय धरू?"

पण त्यांचा खरा जीव होता कोरपन्याकडच्या एका जुन्या जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यावर. तिच्या धुराड्यावर वेल अर्ध्यापर्यंत चढले होते आणि काजळीचे ओघळ त्यांतून खाली आले होते. भाऊजी त्या ओघळांचं वर्णन करायचे तसं कुणी लग्नाच्या मुलीचंही करत नाही. दिवाळीनंतर कलत्या उन्हात तिचा मनाजोगता फोटो घ्यायचा, असं ठरवून ते थांबले होते. एवढ्यात कळलं की विटांसाठी जिनिंग पाडणार, सोमवारपासून. कॅमेऱ्यात शेवटचा एक फोटो उरलेला, नवं रीळ नागपूरहून यायला वेळ. त्यांनी बाजारातल्या माणसाबरोबर गावात निरोप धाडला, "रविवारी जिनिंगचा फोटो घ्याले येतो." आणि भाऊजी, जाऊ, मी आणि भाकरींचं गाठोडं असे बैलगाडीतून निघालो. वाटभर ते पुन्हा पुन्हा कॅमेऱ्याचं कातडी पाकीट चाचपत होते.

पोचलो आणि पाहतो तर वेल तोडून ढीग घातलेला, शिडी पोचली तिथपर्यंत धुराड्याला पांढराशुभ्र चुना, दारापुढे सडा-रांगोळी, गंजक्या दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. समोर जिनिंगमध्ये राबलेली सगळी माणसं धुतल्या कपड्यांत ओळीनं उभी.

भाऊजी होते तिथेच जमिनीवर बसले. "काय केलं हो हे?"

पुढे आली पार्वताबाई, कापूस निवडण्यात जिची उमर त्या दारात गेली होती. "काऊन भाऊ? फोटो काढाचा म्हणलं तं तोंड धुवाव लागते का नाई? उद्या तं पाडूनच राह्यले तिले. शेवटच्या टायमाले मळक्या तोंडानं उभी करता का?"

ऊन कलत होतं. भाऊजींनी त्या पांढऱ्या धुराड्याकडे वर पाहिलं. मग उठले, धोतर झटकलं. "राहा उभे सारे. तिच्या अंगाले लागून राहा, दूर नोको."

जाऊ गाठोडं घेऊन गाडीकडे सरकत होती. त्यांनी हाक मारली, "तू कुठी चालली? ये इकडं."

"मी आली तं फोटो नासन नं तुमचा?"

"तोरण तं बांधूनच हाय. ये."

आणि जो कॅमेरा त्यांनी कधी कुणाला पुसूसुद्धा दिला नव्हता तो माझ्या हातात ठेवून ते जावेच्या शेजारी जाऊन उभे राहिले. म्हणाले, "वहिनी, श्वास धरा आणि दाबा." मी दाबलं.

जिनिंग दुसऱ्या दिवशी पडायला लागली. भाऊजी नाहीत, जाऊही नाही, पार्वताबाई तर कधीच गेली. तो फोटो आपल्या बैठकीत, घड्याळाखाली आहे. त्याची निगेटिव्ह माझ्या कपाटात शालीच्या घडीत आहे.