सावलीतली वांगी

सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा माझ्या पीएच.डी.चं निम्मं काम झालं होतं. विषय होता भरिताच्या वांग्याचा. कडक उन्हात वांग्याच्या कळीच्या आत परागकण तयार होताना गुणसूत्रांचं काय होतं, हे मला पाहायचं होतं. माझं माहेर सावद्याजवळचं. तिकडे शेताशेतात केळी, पण आमच्या घरी खालच्या वाफ्यात हिरवी, लांबट, भरिताची वांगीही असायची. एप्रिल उजाडला की झाडं फुलायची आणि फुलं तशीच गळून पडायची. फळ धरत नसे. का धरत नाही, असं लहानपणी विचारलं की घरात सगळे एकच उत्तर द्यायचे, "ऊन आहे." त्या उत्तराच्या पुढे जायचं म्हणून मी वनस्पतिशास्त्र घेतलं असावं.

सासरे, म्हणजे आमचे आबा, धुळ्यात देवपूरला आमच्यासोबत राहायचे. खरं तर मीच त्यांच्यासोबत राहत होते. नवरा पुण्याला कंपनीत होता आणि महिन्यातून एकदा यायचा. माझं काम संपलं की मीही पुण्याला जायचं, असं लग्नातच ठरलं होतं. आबांची उजवी बाजू गेली आणि त्या ठरलेल्या गोष्टीबद्दल कोणी बोलेनासं झालं. दिवसा त्यांच्याकडे बघायला एक बाई यायच्या, त्यांनी उन्हाळा लागताच काम सोडलं. त्यानंतर माझं कॉलेजला जाणं बंद झालं. दूध आणायला जातानासुद्धा मी आबांना आत ठेवून बाहेरून कुलूप लावायचे. किल्ली फिरवताना आतून त्यांचं खोकणं ऐकू यायचं.

मार्गदर्शक सरांनी समजूतदारपणा दाखवला. "झाडं घरीच लाव, गच्चीवर. जुना मायक्रोस्कोप घेऊन जा," म्हणाले. मग गच्चीवर दोन ओळी मांडल्या. एका ओळीवर प्लॅस्टिकचा कागद ताणून बोगदा केला, म्हणजे आत उष्णता कोंडावी. दुसऱ्या ओळीवर हिरवी शेडनेट घातली आणि दिवसातून अनेकदा पाणी शिंपडलं. ही दुसरी ओळ म्हणजे कंट्रोल, तुलनेसाठीची सुखात वाढलेली झाडं. धुळ्यात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. आम्ही दोघं एका बादलीत भागवायचो आणि उरलेलं वांग्यांना जायचं.

आबांच्या खोलीत कूलर होता, म्हणून मायक्रोस्कोपही तिथेच ठेवला. सकाळी अगदी बारीक कळ्या तोडायच्या आणि अल्कोहोल-ॲसिडच्या मिश्रणात टाकायच्या. मग सुईने कळीतला परागकोश काढायचा, लाल रंगाच्या थेंबात फोडायचा आणि वरून काच ठेवून अंगठ्याने दाबायचा. खोलीभर व्हिनेगरसारखा वास यायचा. आबा खाटेवरून बघत राहायचे. बोलणं तुटक झालं होतं, पण डोळे तरतरीत होते. एके दिवशी त्यांनी डाव्या हाताने मायक्रोस्कोपकडे बोट दाखवलं. मी स्टूल खाटेला टेकवलं आणि त्यांना उशीचा आधार देऊन बसवलं.

"वांग्याच्या गुणसूत्रांच्या बारा जोड्या असतात, आबा," मी सांगितलं. "पेशी दुभंगताना जोडीतलं एक इकडे जातं, एक तिकडे."

ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांच्या अहिराणीत शब्द जुळवत म्हणाले, "बठ्ठा गयात. हाऊ एकलाच मांगे का रायना?"

ती बोगद्यातल्या झाडाची स्लाइड होती. सगळी गुणसूत्रं आपापल्या टोकाला पोहोचली होती आणि एक मधेच अडकून पडलं होतं. दुसऱ्या पेशीत तर दोन टोकांच्या मधे धाग्यासारखा पूल ताणला गेला होता, इकडचंही सुटत नव्हतं आणि तिकडचंही. "उन्हामुळे," मी म्हणाले आणि माझं मलाच हसू आलं. इतकं शिकून मी घरच्याच उत्तराशी आले होते.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी पाणी घालायला वर गेले. फोन खाली चार्जिंगला होता. गरम वाऱ्याचा झोत आला, गच्चीचा लोखंडी दरवाजा माझ्यामागे धाडकन आपटला आणि आतली कडी पडल्याचा आवाज आला. मी ढकललं, लाथ मारली, काही झालं नाही. आमचं घर गल्लीच्या टोकाला. अशा उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कठड्यावरून वाकून हाका मारल्या. समोरच्या घरांच्या खिडक्यांवर गोणपाट सोडलेले होते आणि आत कूलर घरघरत होते.

मला आबांची भीती वाटू लागली. त्यांना पाणी हवं असेल. त्यांना बाथरूमला जायचं असेल. मी ओरडून सांगितलं, "आबा, दरवाजा लागलाय! उठू नका!" त्यांना काय ऐकू गेलं, कळेना.

पायाखालची फरशी चटके देत होती. बादलीतलं पाणी डोक्यावर ओतलं, ते तिथल्या तिथे सुकलं. शेवटी मी शेडनेटखाली शिरले आणि कंट्रोलच्या झाडांमध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसले. माझी खात्री होती की इथे बरं वाटेल. पण वाटलं नाही. जाळी उन्हाची तिरीप अडवत होती, पण खालून तापलेला स्लॅब आणि बाजूने वारा, दोन्ही भाजत होते. शेजारच्या झाडाची पानं कडेने वळलेली होती. मी एक कळी बोटांनी धरली, तर ती देठापासून हातात आली. इतके दिवस मी या झाडांना सुखातली झाडं म्हणत होते. त्यांच्यात बसल्यावर कळलं की ती माझ्याइतकीच अडकली आहेत.

खालून ठण ठण आवाज येऊ लागला. थांबायचा, पुन्हा यायचा. बऱ्याच वेळाने शेजारी राहणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या भाभी त्यांच्या गच्चीवर आल्या. मला बघून म्हणाल्या, "या अल्ला, तुम्ही वर आहात? आबा खिडकीला ग्लास आपटतायत, मला वाटलं त्यांनाच काही झालं. तुम्ही कुलूप लावून गेला असाल म्हणून इथून बघायला आले." त्यांनी शिडी आणली आणि दोन गच्च्यांच्या मधल्या भिंतीला लावली. मी त्यांच्या घरातून उतरून आमच्या दाराशी आले. दाराला आतून कडी नव्हती, नुसतं लोटलेलं होतं. आबा खिडकीखाली जमिनीवर होते. खाटेवरून उतरून खोलीभर सरपटत गेले होते. कोपर सोलवटलं होतं आणि स्टीलचा ग्लास अजून मुठीत होता. मी त्यांना उचलायला वाकले तर त्यांनी आधी ग्लास सोडून माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

त्या दिवसानंतर मी कंट्रोलच्या स्लाइड नव्याने, नीट पाहायला घेतल्या. त्यांतही मागे राहिलेली गुणसूत्रं होती, पूल होते, रंग न घेणारे पोकळ, निकामी परागकण होते. बोगद्याइतके नाहीत, पण सुखातल्या झाडात असावेत त्याहून कितीतरी जास्त.

भाभींना तासभर आबांजवळ बसवून मी सरांकडे गेले. त्यांनी स्वतः मायक्रोस्कोपला डोळा लावला. "हे कंट्रोल होऊच शकत नाही," ते म्हणाले. "या स्लाइड बाजूला ठेव. थंडीत नवीन झाडं लाव आणि त्यांना कंट्रोल धर."

"आणि ही झाडं, सर?"

"ती कशाला दाखवायची? प्रयोग फसला म्हणतील."

"पण सावलीत ठेवून, पाणी घालूनही इथे असं होतं, हे मग कुठे लिहायचं?"

ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "लिहायचं असेल तर बोगद्यातली, जाळीखालची आणि थंडीतली, असे तिन्ही गट दाखवावे लागतील. विद्यापीठाच्या समितीपुढे मुदतवाढ मागावी लागेल. वर्ष जाईल."

नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "अजून एक वर्ष? तू वांगी सोड ना आता."

"वांगी सोडली तर आबांना कोण बघेल?" मी म्हणाले. त्याला संबंध कळला नाही. खरं तर मलाही कळला नव्हता, पण राग एकाच जागेवरून आला होता.

मी मुदतवाढ मागितली. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, गच्चीवरच्या प्रयोगाला प्रयोग कसं म्हणायचं? मी म्हणाले, आमच्याकडे झाडं तरी कुठे वातानुकूलित खोलीत वाढतात? बाई हसल्या नाहीत, पण मुदत मिळाली. थंडीत पुन्हा झाडं लावली. त्या स्लाइड इतक्या स्वच्छ होत्या की पहिल्यांदा पाहताना मला रडू आलं. बारा आणि बारा, दोन्ही टोकांना नीट गोळा झालेली. आबांना दाखवली. त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले.

प्रबंध तीन गटांसह गेला. परीक्षकांनी गच्चीच्या सावलीतल्या झाडांचं प्रकरण वाढवायला सांगितलं, ते वाढवलं. पदवी हातात आली त्या आठवड्यात नवरा आला आणि खाटेशी बसून वडिलांना पुण्याच्या घराचं वर्णन करू लागला. लिफ्ट आहे, खाली बाग आहे. आबांनी ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू जाय पुनाले. मी शे आठे."

"एकटे कसे राहाल?" नवऱ्याने विचारलं. आबा माझ्याकडेच बघत राहिले, आणि त्या बघण्यात मला जा म्हणणं आणि जाऊ नको म्हणणं दोन्ही दिसत होतं.

मी गेले नाही. शिरपूरच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवते. सकाळची बस पकडते आणि तेवढा वेळ भाभी आबांजवळ बसतात. नवरा अजून महिन्यातून एकदा येतो. आता तो पुण्याला येण्याचं काही विचारत नाही, आणि त्याने विचारलं तर काय सांगायचं हे मलाही अजून ठरवता आलेलं नाही.