नानामामांचं अपील

बडनेरा स्टेशनवर साहेबलोकांच्या वेटिंगरूमबाहेर एक लांब बाक होता. त्यावर बसू नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं आणि तरीही कोणी बसत नसे. आमचे नानामामा अकोल्याहून अमरावतीला कोर्टाच्या कामाला निघाले की बडनेऱ्याला गाडी बदलताना नेमके तिथं बसत. नुसते बसत नसत. पगडी काढून शेजारी ठेवत, धोतराचा सोगा पसरत आणि डबा उघडून ठेचा-भाकरी खायला लागत. शिपाई येई, घुटमळे, म्हणे, "वकीलसाहेब, इथून उठा ना बाप्पा." मामा घास न थांबवता म्हणत, "लेखी हुकूम आण, उठतो." शिपाई जाई. लेखी हुकूम कधी आला नाही. तोवर गाडी येई.

नानामामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. वडील लवकर गेल्यामुळे मी त्यांच्याच घरी, अकोल्यात, लहानाचा मोठा झालो. मॅट्रिकला दोनदा बसलो, दोन्ही वेळा त्यांच्याच खर्चानं. मामा वर्णानं आमच्या वऱ्हाडातल्या जमिनीसारखे, ओली झाल्यावर ती जशी दिसते तसे. आवाज कोर्टातला, घरातही तोच. मी लहानपणी पडून रडत आलो तर गुडघा न बघताच म्हणत, "रडायचं तर स्टँपपेपरावर रड. बाकीचं रडणं कोणी ऐकत नाही."

हे ते उगीच म्हणत नसत. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता त्या काळात, मामा ऐन तिशीत असताना, सेकंड क्लासच्या डब्यात एक गोरा साहेब चढला. समोर काळा माणूस बसलेला पाहून त्यानं गार्डला बोलावलं, आणि मूर्तिजापूरला मामांची वळकटी, ट्रंक आणि फिरकीचा तांब्या फलाटावर आला. पाठोपाठ मामा. तिकीट हातात, सेकंड क्लासचंच. त्या रात्री दुसऱ्या गाडीच्या थर्ड क्लासमध्ये उभ्यानं ते घरी आले आणि सकाळी अर्ज लिहायला बसले. अकरा अर्ज केले. दीड वर्षानं रेल्वे कंपनीचं पत्र आलं, चार ओळींचं, झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी. मामांनी ते काचेत बसवून बैठकीत लावलं.

पत्र इंग्रजीत होतं, त्यामुळे प्रत्येक पाहुण्याला मामा ते मराठीत करून सांगत. पहिल्या वर्षी कंपनी 'दिलगीर' होती. मी मिसरूड फुटायच्या वयाचा झालो तेव्हा कंपनी 'हात जोडून' होती. फलाटावर फेकलेल्या एका ट्रंकेच्या तोवर तीन झाल्या होत्या. मामी एकदा आतून म्हणाल्या, "तीन ट्रंका आपल्या घरात आजही नाहीत." मामा म्हणाले, "साक्षीदाराला मध्ये बोलता येत नाही." पण गोष्ट खरी होती, आणि दर्यापूरपासून चांदूर बाजारापर्यंत लोक ती सांगत. सभेत मामा उठले की मागून आवाज येई, "वकीलसाहेब, मूर्तिजापूर होऊ द्या!"

मी शाळेत मास्तर झालो तशी माझ्या लग्नाची बोलणी निघाली. अंजनगाव सुर्जीच्या एका शाळामास्तरांची मुलगी सांगून आली. नाव मथुरा. मामा, मामी आणि मी छोट्या रुळांच्या गाडीनं गेलो. मी नवा कोट घातला होता. त्या कोटात मी काजळाच्या डबीला रेशमी अभ्रा घातल्यासारखा दिसतो, असं मामेबहीण म्हणाली होती, पण मला ते कौतुक वाटलं होतं.

मास्तरांचं घर साधं, सारवलेलं. खुर्च्या दोनच. एकीवर मामा, एकीवर मी. मास्तर उभे. त्यांची विधवा थोरली बहीण, जिला सगळे अक्का म्हणत, स्वयंपाकघराच्या दाराशी बसली होती. मथुरा आली, नमस्कार करून उभी राहिली. मामांनी उलटतपासणी सुरू केली. वाचन झालं, व्याज काढून झालं, मग म्हणाले, "अकोल्याहून अमरावतीला जायचं तर गाडी कुठं बदलायची?"

"बडनेऱ्याला," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "पण मूर्तिजापूरला उतरायचं नाही, असं बाबा सांगतात."

मामा असे हसले की पगडी सावरावी लागली. मीही हसलो. खरं सांगायचं तर मी तिथंच पसंत करून टाकली. फक्त मनात. मोठ्यानं काही करायची माझी रीत नव्हती.

मग आमच्याकडे जे होतं ते झालं. मामी उठल्या, मुलीला हाताला धरून अंगणात घेऊन गेल्या. घरातल्या उजेडात सगळ्याच मुली बऱ्या दिसतात, म्हणून उन्हात पाहायची. लुगड्याचा पदर ओला केला आणि तिचा गाल पुसला, पावडर लावली आहे का बघायला. पदर कोराच राहिला. तिचा हात आपल्या गोऱ्या हाताशेजारी धरला. आत येऊन मामींनी मामांकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली.

मामा खाकरले. "मास्तर, मी स्पष्ट माणूस आहे. मुलगी हुशार, वळण चांगलं. पण रंग. आमचा भाचा असा, त्यात आणखी... पुढच्या पिढीचा विचार करावा लागतो. तेव्हा राग नसावा."

मास्तरांनी मान खाली घातली. मथुरा तिथंच उभी होती. माझ्या तोंडात रव्याचा लाडू होता. तो मी बराच वेळ चावत राहिलो.

बोलल्या त्या अक्का. जागेवरून उठल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. "वकीलसाहेब, एक इचारू का? त्या सायबानं तुमाले डब्यातून कावून उतरवलं होतं?"

"अक्का, जाऊ दे," मास्तर म्हणाले.

"कावून जाऊ देऊ? दहा वेळा आयकली ना आपुन थे गोष्ट. तुमचा रंग पाहूनच ना, वकीलसाहेब? मंग तुमी आमच्या पोट्टीले काय करून राहिले?"

मामांना मुद्दा आयता मिळाला असं वाटलं असावं, कारण ते खुर्चीत पुढं सरकले. "बाई, ते निराळं. तो राज्यकर्ता. त्याच्यामागे पोलीस, पलटण, सरकार. आम्ही पडलो गुलाम. गुलामाच्या नावडीनं कोणाचं काय बिघडतं? जुलूम करायला हाती सत्ता लागते. ती आमच्याकडे कुठं आहे?"

"नाई?" अक्का म्हणाल्या. "पोट्टी सकाळपासून उपाशी हाय, तुमाले पसंत पडन का नाई म्हणून. माहा भाऊ सोताच्या घरात हात जोडून उभा हाय. अन् तुमी खुर्चीवर बसून म्हणता, मी गुलाम. सायबानं उतरवलं तं तुमी दुसऱ्या गाडीत बसले. हे पोट्टी कोणत्या गाडीत बसन, सांगा. असे पाच जण येऊन गेले. तुमी सहावे. पण त्या पाचायची गोष्ट मी पोट्टीले शिकवली नोती, तुमची शिकवली होती."

अकोल्याच्या कोर्टात तीस वर्षं कोणाला शेवटचं वाक्य बोलू न देणाऱ्या मामांनी ते अक्कांना बोलू दिलं. उठून त्यांनी मास्तरांना नमस्कार केला आणि आम्ही निघालो.

परतीच्या गाडीत मामी म्हणाल्या, "त्या बाईचं तोंड भारी."

"तोंड नाही," मामा खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "मुद्दा."

आठवडाभर त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. एक पक्षकार नातवाला घेऊन आला आणि काचेतल्या पत्राकडे बोट दाखवून म्हणाला, "याले सांगा ना मूर्तिजापूर." मामा म्हणाले, "आज नाही." मला तर ते आजारीच वाटले. रात्री अंथरुणावर दोन्ही बाजूंचे वकील होऊन पुटपुटत. "राज्यकर्त्याचा अपराध मोठा, कबूल. पण आपला लहान म्हणून तो अपराधच नाही, हे कुठल्या कलमात?" मग कूस बदलून, "नाही कुठल्या कलमात."

आठव्या दिवशी सकाळी पगडी घालून माझ्यापुढं उभे राहिले. "तुला ती मुलगी पसंत होती का?"

मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल ते, मामा."

"मी म्हणालो होतो ते चूक होतं," मामा म्हणाले. "म्हणून तुला विचारतोय."

मी कोटाच्या बटणाशी चाळा केला. मामांनी थोडी वाट पाहिली आणि एकटेच स्टेशनला गेले.

नानामामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. प्रेतयात्रेला वकील, पक्षकार, रेल्वेचे चार हमालसुद्धा आले होते आणि वाटेत जो तो मूर्तिजापूर सांगत होता. ट्रंका पाच झाल्या होत्या. अंजनगावची गोष्टही मामा स्वतः पुढं सभांतून सांगत, पहिलीला जोडूनच. पहिलीला टाळ्या पडत. दुसरी सुरू झाली की पुरुषमंडळी पानाचा डबा शोधायला लागत. एकदा एक तरुण उठून म्हणाला, "वकीलसाहेब, यानं आपलीच बाजू लंगडी होते. साहेब म्हणेल, पाहा, तुम्हीही तसेच." मामा म्हणाले, "साहेबाला म्हणू दे. त्याच्यावरचा माझा दावा मी मागे घेतलेला नाही. हा दुसरा दावा आहे आणि यात आरोपी मी आहे. दोन्ही चालू द्या." असं स्वतःला पिंजऱ्यात उभं करणारा वकील मी दुसरा पाहिला नाही.

पण मला मामा आठवतात ते त्या संध्याकाळचे, दुसऱ्यांदा अंजनगावला एकटेच जाऊन परत आल्यावरचे. ओसरीवर पाय धुतले, पगडी खुंटीला लावली आणि मला समोर बसवलं. निकाल वाचून दाखवावा तसे सांगायला लागले.

"अक्कांनी बसा म्हटलं, मी बसलो नाही. उभ्यानं बोललो. म्हटलं, मुलीला बोलवा, मला तिच्याशी काम आहे. अकरा अर्ज केले रे मी आयुष्यात, पानंच्या पानं. हा दोन शब्दांचा होता. मी चुकलो. तो म्हणताना घाम फुटला."

"मग?" मी म्हणालो.

"ती म्हणाली, तुम्ही परत आलात, हे मी विसरणार नाही. मग मी तुझं विचारलं. आता तुमची ना नसेल तर आमच्या मुलाचं बघा, म्हटलं. तिनं माझ्या मागं दाराकडे पाहिलं. म्हणाली, ते कुठं आहेत?"

मामांनी पंचानं कपाळ पुसलं. मला वाटलं, पाणी मागतील.

"मी म्हटलं, तो घरी आहे. ती म्हणाली, त्या दिवशी तर ते इथंच होते. तुम्ही नको म्हणालात ते तरी मी ऐकलं. त्यांचं मी काहीच ऐकलं नाही. मग बापाकडे वळून म्हणाली, बाबा, मला हे नको."

मी घाईघाईनं म्हणालो, "मामा, मी उद्याच्या गाडीनं जातो. मी बोलतो तिच्याशी."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. हरलेल्या पक्षकाराकडे ते जसे पाहत, तसं, जरा मायेनं.

"मुदत गेली रे," ते म्हणाले. "आणि निकाल बरोबर आहे."