मामासाहेबांचा कोट

कोट मामासाहेबांचा होता. शिवला मी, आणि घातलाही मीच. शिंप्याने गिऱ्हाइकाचं कापड अंगाला लावू नये, हे वडिलांनी मला सुईत दोरा ओवायच्याही आधी शिकवलं होतं. पण माझ्या पोरीला, कुसुमला, डॉक्टरांना दाखवायचं होतं. देवासच्या त्या दवाखान्यात कोटवाल्याला खुर्ची मिळे, बंडीवाल्याला ओटा. संस्थान विलीन झालं होतं. खुर्च्या कुठे झाल्या होत्या. कोट मला गुडघ्यापर्यंत आला. घोड्याची झूल घातलेलं गाढव दिसत होतो, तरी आरशासमोरून हलेना.

कुसुम दोन वर्षांची. दिवेलागणीला तिच्या डाव्या डोळ्यात पांढरी चमक दिसायची, मांजरीसारखी. मी मूर्ख, हौसेने शेजाऱ्यांना दाखवायचो. बायकोला मात्र ती खटकली.

"अहो, हे काही चांगलं नाही. दाखवून या."

दवाखान्यात डॉक्टरांशेजारी चहा पीत खुद्द मामासाहेब बसले होते. दरबारचे जुने सरदार.

"काय रे दर्जी, माझा कोट माझ्यामागून फिरायला लागला की."

डॉक्टर हसले. कंपाउंडर हसला.

"उतार. इथंच."

उतारला. आत फाटकी बंडी. शिंप्याचीच बंडी फाटकी, ह्याची त्यांना आणखी गंमत. कुसुमही हसली. सगळे हसत होते ना.

"घडी नीट घाल," डॉक्टर म्हणाले. "पोरीला उद्या आण."

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. तिसऱ्याही नाही. घरी सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, मोठी होईल तसं जाईल." खोटं असं बेमालूम रफू केलं, की बायकोला टाका दिसला नाही.

सहा महिने गेले. धारला सासुरवाडीच्या वैद्याचं अंजन झालं. डोळा सुजून बाहेर यायला लागला तेव्हा इंदूर गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी कॅन्सर म्हटलं.

"तो म्हाताऱ्यांना होतो ना?" मी विचारलं.

"हा डोळ्यातला लहान पोरांनाच होतो. आधी आणली असती तर डोळा काढून पोर वाचली असती. आता आत पसरलाय." मग म्हणाले, "पुढे मूल झालं तर त्याचे डोळे बघत राहा. कधी कधी भावंडातही निघतो."

श्रावणात कुसुम गेली. मामासाहेबांनी माझ्या अंगातला कोट काढला, खरं. पण तो उद्याचा दिवस मीच बुडवला. तो त्यांच्या नावावर घालता येत नाही.

मग वसंता झाला. मी रोज कंदील धरून त्याचे डोळे बघायचो. आठव्या महिन्यात उजव्यात तीच चमक.

होतो तसा वसंताला कडेवर घेऊन उठलो. सदऱ्याला दोरे, हाताला खडू. तोच दवाखाना.

"भिया, साब आराम कर रहे हैं. कल आना," कंपाउंडर म्हणाला.

"कल नहीं आऊंगा. यहीं बैठा हूँ."

मी ओट्यावर नाही, आत खुर्चीवर बसलो. डॉक्टर आले. त्यांनी ओळखलं.

"तू तो कोटवाला."

"हो. तेव्हा लाजून उठून गेलो. माझी पोर गेली. आज तुम्ही ह्याचा डोळा बघून इंदूरची चिठ्ठी दिल्याशिवाय मी उठणार नाही. माणसं बोलवा, उचलून टाका. परत येऊन बसेन."

कुणी हसलं नाही. त्यांनी बॅटरी आणवली. बराच वेळ बघितलं. चिठ्ठी लिहिताना मान वर केली नाही.

इंदूरला वसंताचा उजवा डोळा काढला. डावा स्वच्छ निघाला. पोर जगलं.

पट्टी सुटली त्या दिवशी मी बायकोला सगळं सांगितलं. कोट, बंडी, 'उद्या आण', आणि माझं खोटं. ती वसंताला मांडीवर घेऊन ऐकत होती. मला वाटलं, रडेल. निदान शिव्या तरी देईल.

ती म्हणाली, "मला सांगून सुटू नका. ज्याच्या कडेवर पोर दिसेल त्याला हे सगळं सांगायचं. मरेपर्यंत. कोटासकट."