खोडलेलं हसू

नव्वदच्या दशकात लंडनमधल्या क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात माझ्या आणि माझ्या छोट्या लेकीच्या शेजारी एक जपानी चित्रकार बसला होता. व्हिडिओ गेमवरून कॉमिक्स काढणं हा त्याचा धंदा. मला आंबासुद्धा धड काढता येत नाही, तरी मी जाणकारासारखी मान डोलावत होतो. लेकीसाठी त्याने तिच्या लाडक्या गेमचा हिरो काढला.

"अंकल, हा हसतोय. गेममधला कधीच हसत नाही," ती म्हणाली.

"गेम तयार होण्याआधीच मला त्याचं कॉमिक काढायला लावतात," तो मला म्हणाला. "मी त्याला हसू दिलं, आई दिली. गेम आला, त्यात दोन्ही नव्हतं. कॉमिक वाचणाऱ्या मुलांनी मलाच खोटारडा ठरवलं."

त्याने रबराने हसू खोडलं, मांडीवरचा चुरा फुंकला. "घे, आता खरा झाला."

आमच्या फ्रिजवर तो हिरो अजून आहे. जवळून पाहिलं की पुसट हसू दिसतं. लेकीची तक्रार एवढीच, की अंकलनी नीट खोडलं नाही.