चार खटके पुढं

तीस वर्षं एसटी चालवली मी. त्यातली निम्मी चंदगडच्या वाटेवर, धुक्यात आणि पावसात. माझ्या मागं पन्नास-पन्नास माणसं निवांत घोरत गेली. आणि माझीच पोरगी बेंगळुरूवरनं फोनवर मला सांगते, "पप्पा, बाळाची सीट नीट बसली तरच मी तुमच्या गाडीनं घरी येणार. आणि बाळाचं तोंड मागच्या बाजूला हवं हं."

"मागं तोंड? पाच म्हैन्याचं पोर ते. शिक्षा हाय काय त्याला?"

"ब्रेक लागला तर मान सांभाळली जाते, पप्पा. नसेल जमत तर राहू द्या. कोडोलीची मोठी गाडी येईल विमानतळावर."

कोडोली म्हणजे तिचं सासर. तिकडची गाडी आली की नात आधी तिकडं जाणार, चार दिवस तिकडंच राहणार आणि परत जाताना माझ्याकडं चहापुरती येणार. बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं. घरात बोलणारा एक टीव्हीच, आणि त्याला माझं काही ऐकून घ्यायचं नसतं. नातीला मी बारशात एकदाच हातात घेतली होती. ती रडली आणि लगेच आईकडं परत गेली. मी म्हटलं, "जमतंय की. न जमायला काय झालं?"

चार दिवसांनी तिनं धाडलेलं पार्सल आलं. अबब, केवढं ते धूड! एवढ्याशा जिवाला एवढी मोठी खुर्ची, आणि माझी गाडी चिमुकली. कागदावर लिहिलं होतं, गाडीचा मागचा पट्टा सीटच्या मागनं ओवून कुलपात अडकवा. पट्टा होता, कुलूपच नव्हतं. अर्धा तास मी शिव्या घालत हात घालून शोधतोय. मग आठवलं. आपल्याकडं नवी गाडी घेतली की आधी पेढे, मग हार आणि मग सीटकव्हर. कव्हरवाल्यानं विचारलं होतं, मागच्या पट्ट्यांच्या कुलपांचं काय करू? मीच ऐटीत सांगितलं होतं, "टोचत्यात ती. घाला आत, वरनं शिवून टाका." दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारा ड्रायव्हर मी! बायकोच्या शिवणकामाच्या कात्रीनं ते कव्हर उसवलं, तेव्हा कुलूप हाताला लागलं.

बाळाची सीट आधी माझ्या सीटच्या मागं लावून बघितली. तर माझी सीट इतकी पुढं घ्यावी लागली की गुडघे स्टिअरिंगला. तसं बसून गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा गाडी गेली नसती. मधे धड पट्टाच नव्हता. राहिली डावी बाजू.

डावीकडची पुढची सीट बायकोची.

रिटायर झाल्यावर गाडी घेतली ती तिच्यासाठीच. जन्मभर ती माझ्या एसटीत कधी बसलीच तर मागं, चार बायकांत, आणि मी पुढं. ड्रायव्हरशी बोलायचं नाही अशी पाटीच असते. या गाडीत ती पहिल्यांदा माझ्या शेजारी बसली. तिच्या कमरेचं दुखणं होतं, म्हणून सीट पार मागं सरकवून, पाठ आडवी करून बसायची. रविवारी पन्हाळ्याला निघालो की मी ओरडायचो, "अगं, निजलीस काय? पुढं बघ की, घाट किती झकास दिसतोय." ती मान माझ्याकडं वळवून म्हणायची, "दिसतंय मला. तुम्ही गाडी चालवा."

ती गेल्यापासून ती सीट मी हलवली नव्हती. कुणाला बसूही दिलं नाही. वाटेत कुणी हात केला तर, "पावणं, मागं बसा." लोकांना वाटायचं म्हातारा टॅक्सी चालवतोय. वाटू दे. माझ्या घरात तिची म्हणून राहिलेली, जशीच्या तशी, तेवढी एकच गोष्ट होती. कपाटातल्या साड्या पोरीनं वाटून टाकल्या होत्या.

आणि बाळाची सीट मावायची तर ती सीट पुढं ढकलायला हवी होती.

दोन दिवस मी गाडीकडं गेलोच नाही. तिसऱ्या दिवशी पोरीचा फोन आला, "बसली का?" म्हटलं, "बसली." मग काय करणार? खाली गेलो. खालचा दांडा ओढून सीट पुढं घेतली, एकेक खटका मोजत. चार. चार म्हणजे लक्षात ठेवायला सोपं, परत चार मागं. मग पाठ थोडी उचलावी म्हणून बाजूचा खटका ओढला, आणि ती पाठ स्प्रिंगनं खाडकन उभी झाली. मोजायला सवडच नाही मिळाली. मी तिथंच पार्किंगमध्ये फरशीवर बसलो आणि रडलो. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींनी विचारलं, "काका, बरं वाटंना काय?" म्हटलं, "बोट चेमटलं."

पोरगी आली. विमानतळावर तिनं सीट गदागदा हलवून बघितली, तसूभर हलली नाही. "भारी बसवलीय की पप्पा!" मग तिचं लक्ष पुढं गेलं. "आईची सीट सरळ केलीत?"

"व्हय."

ती बाळाशेजारी मागं बसली. आरशात मला बाळ दिसेना, नुसती सीटची पाठ. पुन्हा सगळी मागं आणि मी एकटा पुढं. एसटीच की ती. तरी गाडी मी चाळीसच्या वर नेली नाही.

चार दिवस घरात गलका होता. नातीनं माझी मिशी ओढली, मांडीवर मुतली, आणि शेवटच्या दिवशी माझ्याकडं बघून हसली. निघताना पोरगी म्हणाली, "सीट राहू द्या गाडीत. दिवाळीला येतोय की."

दिवाळीला पाच महिने होते. त्यांना सोडून आलो आणि तासाभरात ती सीट काढली. लाज वाटली मला, पण काढली. बायकोची सीट चार खटके मागं घेतली. राहिली पाठ. बाहेरनं बघून काही केल्या कळेना, म्हणून मी स्वतःच तिच्या सीटवर बसलो, पहिल्यांदाच. पाठ एकेक खटका मागं सोडत गेलो. पहिल्या खटक्याला पार्किंगचं गेट दिसत होतं. दोन खटक्यांनी काचेचा वरचा कोपरा. आणखी एक सोडला आणि समोरचं काहीच दिसेना, ना गेट, ना रस्ता. कमरेला मात्र तिथं बरं वाटलं. हाच तिचा खटका, माझी खात्री पटली.

म्हणजे पन्हाळ्याचा घाट तिला कधी दिसलाच नव्हता. "दिसतंय मला," म्हणायची. काय दिसत होतं तिला, ते बघावं म्हणून तिच्यासारखीच मान उजवीकडं वळवली. तिथनं ड्रायव्हरची सीट तेवढी दिसत होती, आणि तिच्यावर कुणी नव्हतं.