चहातली पुडी

लिफ्टमास्तर मुळातच संशयी. लिफ्ट दुरुस्तीचा धंदाच तसा. दुसऱ्याने 'दोर ठीक आहे' म्हटलं म्हणून ते वीस वर्षांत कधी लिफ्टच्या टपावर चढले नाहीत. आधी स्वतःच्या हाताने चाचपणार, मगच पाय ठेवणार. दारूच्या बाबतीत मात्र स्वतःच्याच शब्दावर त्यांचा गाढ विश्वास. 'उद्यापासून बंद' हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं, की बायको मान हलवून भाजी चिरत राहायची.

शेवटी तिच्या भावाने कुठूनशी पुडी आणून दिली. "चहात घाल. त्यांना कळू देऊ नकोस." चौथ्या दिवशी मास्तर कामावरून येताना नेहमीसारखी पिऊन आले आणि जिन्यातच बसले. तोंड लालबुंद, छातीत धडधड, ओकाऱ्या थांबेनात. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी "काय खाल्लं होतं?" विचारलं, तेव्हा बायकोने रडत पुडीचं सांगून टाकलं.

बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "दारू प्यायली की त्रास होईल असलं औषध आम्हीही देतो. पण माणसाला सांगून, तपासण्या करून. चोरून दिलं तर जीव जातो."

मास्तर वाचले, पण पाण्याचा पेलाही उजेडात धरून बघू लागले. ताट आलं की बायकोपुढे सरकवायचे. "आधी तू खा." ती निमूटपणे एक घास खायची. तीही काही कमी नव्हती. ते दारात आले, की चपला काढायच्या आत तिचं नाक त्यांच्या शर्टाशी. घरात दोनच माणसं, आणि दोघंही पोलीस.

मग मेहुण्याने एक केंद्र सुचवलं. दोघं बघायला गेली. फाटकाला भलंमोठं कुलूप.

"डॉक्टर कधी असतात?" मास्तरांनी व्यवस्थापकाला विचारलं.

"येतात की."

"कोणत्या वारी?"

"अहो, इथे आलेला माणूस बरा होऊनच जातो. घरच्यांनी तीन महिने भेटायचं नाही, एवढंच."

खिडकीच्या जाळीमागे एक माणूस उभा होता. त्याने नुसती मान नकारार्थी हलवली. रस्त्यावर आल्यावर बायको म्हणाली, "इथे नको." दोघांना एकाच माणसाचा संशय आल्याची ती पहिलीच वेळ.

दोघं परत डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी सरळ सांगितलं, "एकदम सोडलीत तर फिट येऊ शकते, म्हणून आठवडाभर इथे दाखल व्हा. पुढे कुठे राहून उपचार घ्यायचे असतील तर चांगली केंद्रंही आहेत, पण आधी चौकशी करा. नाहीतर घरी राहून गोळ्या, दर आठवड्याला समुपदेशन, आणि दारू सोडलेल्यांची बैठक."

आठवडाभर दाखल राहून मास्तरांनी पुढच्या उपचारांसाठी घर निवडलं. गोळीचं पाकीट आधी औषधवाल्याला दाखवलं, मग दुसऱ्या औषधवाल्याला. बैठकीत दीड महिना हाताची घडी घालून बसले. सगळे थापा मारतात, अशी त्यांची खात्री होती. मग एकदा एक निवृत्त कंडक्टर उठून म्हणाला, "काल प्यायलो. सहा वर्षांनी." कुणी त्याला बोल लावला नाही. शेजारच्याने खुर्ची जवळ ओढून घेतली, बस्स. मास्तर विचारात पडले. थापाड्या माणूस असली थाप कशाला मारेल?

पुढच्या आठवड्यात ते स्वतः बोलले. लिफ्टच्या यंत्रखोलीत बाटली कुठे लपवायचे, तेसुद्धा सांगितलं. समोर माना डोलल्या.

दहा महिन्यांनी एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभात त्यांचा पाय घसरला. घरी येऊन ते बायकोपासून चार पावलं लांबच उभे राहिले. "आज घेतली," म्हणाले. दुसऱ्या दिवशी दोघं इस्पितळात गेली आणि उपचार पुन्हा मार्गी लागले.

याला तीन वर्षं झाली. कंपनीने पहिलं वर्षभर त्यांना जमिनीवरचीच कामं दिली, आता दोर तपासायला पाठवते. बायको पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या बैठकीला जाते. परवा एका नव्या बाईने तिला हळूच विचारलं, "आता विश्वास बसला का हो?"

"पुरता नाही," ती म्हणाली. "पण विचारलं की खरं सांगतात. तुम्ही ती पुडीबिडी मात्र आणू नका."